आजारी माणसाला काय निरोप पाठवावा? (दुखणं काढलेल्यांनी जरूर लिहा)

शेवंती

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं, आता किमो सुरू झाली आहे. सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पडली आणि पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. जोडलेले हात, लुकलुकणारा गुलाब, त्यावर 'गेट वेल सून' आणि त्याच चित्राच्या तळाशी कुठल्याशा प्लॉटिंगवाल्याचा फोन नंबर. एकाने गोमूत्राचा व्हिडिओ टाकला, दुसऱ्याने लक्ष्मणफळाचा. मग त्या दोघांचीच जुंपली आणि काकू राहिल्या बाजूला.

काकूंची सून त्याच ग्रुपवर आहे. तिने प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर दिलं. 'थँक्यू काका', 'हो मावशी, लागलं तर नक्की सांगते'. शेवटचं उत्तर रात्री पावणेबाराचं आहे. दिवसभर दवाखाना, घरात दहावीतला मुलगा, आणि वरून ही टपालकचेरी.

म्हणून विचारते. ज्यांनी स्वतः मोठं दुखणं काढलंय किंवा घरात कुणाचं केलंय, त्यांना कोणता निरोप, कोणती भेट खरंच बरी वाटली? आणि कशाने डोकं उठलं? नर्स-डॉक्टर मंडळींनीही लिहावं. उपचारांवर चर्चा नको, त्याला दुसरे धागे आहेत.

खडीसाखर

चांगला धागा. मी टायफॉइडने झोपले होते तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणीचा मेसेज आला होता: "उत्तर द्यायचं नाही. दिलंस तर बंद करीन. रोज संध्याकाळी तुला इथली एक चहाडी पाठवणार आहे." आणि खरंच पाठवायची. कुणाच्या डब्यात कुणाचा चमचा सापडला, साहेबांनी केस काळे केले ते कपाळापर्यंत कसे उतरले. तब्येतीचा त शब्द नाही. मी त्या मेसेजची वाट बघायचे.

बाकीच्यांना 'बरी आहे, ताप उतरतोय' हे इतक्यांदा लिहिलं की शेवटी तेच कॉपी करून चिकटवत बसले.

वऱ्हाडी_गडी

आमच्या इकडं तं पेशंटले पाहाले जाणं म्हंजे हजेरीच हाय. नाई गेलं तं तेरवीपर्यंत बोलून दाखवतेत. 😀 गेलं का पयले उभ्याउभ्या इचारतेत, काय झालं, कसं झालं, कवा झालं. पेशंट सांगते. तेवढ्यात दुसरा येते, पुन्हा पहिल्यापासून. माह्या बुवाचं मांडीचं हाड मोडलं तवा त्यानं चवथ्या दिवशी माह्या आत्याले सांगतलं, "मले दुखते त्याचं काही नाई, पन त्या बैलाची गोठ आता तू सांग."

पन एक गोष्ट सांगतो. गावातून जो कोनी आला, त्यानं जाताना उशीखाली नाई तं बुवाच्या मुठीत नोट कोंबली. कोनी शंभर, कोनी पाचशे. बिस्किटाचा पुडा वेगळा. कोनी काय देल्लं ते आत्यानं वहीत लिहून ठेवलं, कारण उद्या त्याच्या घरी दुखणं आलं तं तेवढं परत जाते. हाडाच्या प्लेटचा खर्च काही त्यातून निघाला नाई, पन येण्याजाण्याचं न् मेडिकलचं भागलं. ग्रुपवरच्या गुलाबाचं काय भागते?

सोम_बुध_शुक्र

माझ्या आयडीवरून काहींच्या लक्षात आलं असेल. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, डायलिसिस. मूत्रपिंड मिळेपर्यंत हेच चालणार. त्यामुळे 'लवकर बरे व्हा' या वाक्याला मी काय करू, हे मला अजून उमगलेलं नाही. पाठवणाऱ्याचा दोष नाही, त्याला ताप आणि फ्रॅक्चर एवढीच दुखणी ठाऊक असतात. पण मधुमेह, संधिवात, पार्किन्सन, डायलिसिस या मंडळींना बरं होण्याची तारीख नसते. त्यांना 'आजचा दिवस कसा गेला?' एवढं विचारा. उत्तर 'बरा गेला' असंही येऊ शकतं आणि 'वाईट' असंही. दोन्ही चालतं.

दुसरं, शहाळं. महाराष्ट्रात आजारी माणूस म्हटलं की हात आपोआप शहाळ्याकडे जातो. शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलीला साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एका बऱ्यापैकी शहाळ्यात सहा-सातशे. ते बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं, आणि माझी संपावर आहेत. रक्तात पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, थेट थांबूही शकतात. वर आम्हाला दिवसभराचं पाणी मोजून. तरी दर भेटीला कुणीतरी शहाळं घेऊन येतं, बायको हसून घेते आणि खाली वॉचमनला देते. वॉचमनची तब्येत उत्तम आहे.

केळी, मोसंबी, सुकामेवा, टोमॅटो सूप हेही याच रांगेत. न्यायचंच असेल तर आधी घरच्यांना विचारा.

सिस्टरताई

सोम_बुध_शुक्र, अगदी! मी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात बरीच वर्षं वॉर्ड सांभाळते. भेटीच्या वेळेत माझं निम्मं लक्ष पेशंटकडे आणि निम्मं भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्यांकडे असतं. सुचेल तसं लिहिते.

पलंगावर बसू नका. तिथे बाई सलाईनची नळी, लघवीची पिशवी सांभाळून पडलेली असते आणि मावशी येऊन गादीवर बसकण मारतात. स्टूल मागा, मिळेल. सर्दी-खोकला असेल तर येऊच नका, फोन करा. फुलं अतिदक्षता विभागात आणि किमोवाल्यांकडे नकोत, फुलदाणीच्या साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

शेवंतीताई, तुमच्या काकूंसाठी मुद्दाम: किमोच्या प्रत्येक डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात (औषधाप्रमाणे थोडं मागेपुढे). गंमत अशी की त्याच सुमाराला उलट्या थांबलेल्या असतात, पेशंट जरा हसतंबोलतं झालेलं असतं आणि नातेवाईक म्हणतात, "आता बरं दिसतंय, जाऊन येऊ." नेमकं तेव्हा जायचं नाही. भेटायचंच असेल तर पुढच्या डोसच्या आधीचे दोन-चार दिवस बघा, तेही सुनेला विचारून.

आणि एक. पेशंटच्या उशाशी उभं राहून 'आमच्या शेजाऱ्यांनाही हेच झालं होतं' अशी गोष्ट सुरू करणाऱ्याला मी आधी विचारते, "ते शेजारी आहेत का आता?" उत्तर द्यायला वेळ लागला की बाहेर काढते.

खडीसाखर

ताई, शेवटच्या परिच्छेदासाठी तुम्हाला साष्टांग. 🙏

तर्कट

बघतोय, अजून कुणी जप आणि अंगाऱ्यावर आलेलं नाही, म्हणून मीच येतो. आमच्याकडे दुखणं आलं की महामृत्युंजयाच्या जपाचं वाटप होतं, 'तुझे अकराशे, माझे अकराशे'. ज्याला समाधान मिळतं त्याने करावं. पण ते पेशंटला येऊन सांगू नये.

२००६ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बायपासच्या १८०० हून अधिक रुग्णांचे तीन गट केले. दोन गटांना सांगितलं, 'तुमच्यासाठी अनोळखी लोक प्रार्थना करतीलही, नाहीही', त्यातल्या एकासाठी केली आणि दुसऱ्यासाठी नाही. ऑपरेशननंतरची गुंतागुंत एकात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१. म्हणजे काही फरक नाही. तिसऱ्या गटाला मात्र पक्कं सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे. त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के! कारण ठामपणे कुणाला सांगता आलं नाही. एक अंदाज असा की माणूस घाबरतो: माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली?

आंबोळी

तर्कट, अभ्यास चांगलो हा, पण तुमचे ते प्रार्थना करणारे अनोळखी होते ना? आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते मंदिरात सगळ्या गावासमोर, आवाज चढवून. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक दुखण्यान आंथरुणार पाडलेला हा, तेका हिंडतो-फिरतो कर रे म्हाराजा!" आणि सगळे मिळून "व्हय म्हाराजा!"

आता यात देवाने किती ऐकलं मला माहीत नाही. पण माझ्या वडलांना पक्षाघात झाला तेव्हा गाऱ्हाण्याला उभ्या असलेल्यांपैकी एकाची सुमो होती, त्याने कोल्हापूरच्या फेऱ्या फक्त डिझेलच्या पैशांत केल्या. एकाने आमची नाचणी कापून दिली. गाऱ्हाण्याआधी निम्म्यांना दुखणं कळलेलंच नव्हतं. तुमच्या पाहणीत हा रकाना नसणार.

तर्कट

हा रकाना नव्हता, मान्य. सुमोवाल्याला माझाही नमस्कार सांगा.

हिल_रोड

वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत (८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते) पायऱ्यांच्या वाटेवर मेणाचे हात, पाय, डोकं, हृदय, बाळ विकायला असतात. ज्याचा जो अवयव दुखतो तो आणायचा आणि मोतमाउलीपुढे ठेवायचा. घेणाऱ्यांत ख्रिश्चन असतात तेवढेच टिकली-मंगळसूत्रवाल्या बायका. माझ्या सासूबाई दर वर्षी मेणाचे गुडघे नेतात. गुडघ्याचा वेगळा साचा नसतो, मग अख्खा पाय घ्यावा लागतो, यावर त्यांची दर वर्षी दुकानदाराशी घासाघीस. "मला फक्त वाटी दुखते, पाऊल चांगलं आहे, पैसे कमी कर."

जुना_मुंबईकर

शुभेच्छांचा महापूर आमच्या पिढीने पाहिला तो १९८२ ला. जुलैअखेर बंगळूरला चित्रीकरणात अमिताभ बच्चनच्या पोटाला मार बसला, मग मुंबईला ब्रीच कँडीत आणलं. सप्टेंबरात घरी जाईपर्यंत या शहराला दुसरा विषय नव्हता. सिद्धिविनायकाला रांगा, दर्ग्यात चादरी, चर्चमध्ये मेणबत्त्या. इंदिरा गांधी भेटून गेल्या. आम्ही चाळीतली पोरं ब्रीच कँडीच्या फाटकाबाहेर उगाच उभी राहायचो. आत काय चाललंय ते पोलिसालाही माहीत नसायचं, पण घरी येऊन 'आज जरा बरा आहे' असं सांगायचो आणि लोक विश्वास ठेवायचे. रक्त द्यायला तर झुंबड.

स्टेथो

जुना_मुंबईकर, त्या झुंबडीचा पुढचा भाग बच्चन यांनीच जाहीरपणे सांगितलेला आहे. सुमारे २०० दात्यांचं रक्त, साठेक बाटल्या दिल्या गेल्या आणि त्यातल्या कुठल्यातरी एकातून हिपॅटायटिस बीचा विषाणू त्यांच्या शरीरात गेला. हे कळलं जवळपास वीस वर्षांनी, एका नेहमीच्या तपासणीत. तोवर यकृताचा ७५ टक्के भाग खराब झालेला होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी हिपॅटायटिसविरोधी मोहिमेचा चेहरा ते झाले, ते यामुळेच.

आता रक्तपेढीत प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासतात. तरीही नातेवाइकांच्या दबावाखाली रक्त द्यायला आलेला माणूस काही गोष्टी लपवण्याची शक्यता जास्त असते. म्हणून आम्ही म्हणतो, कुणी आजारी पडायची वाट बघू नका, आधीच देऊन ठेवा. विशेषतः मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, पेढ्या रिकाम्या. पुरुषांना ९० दिवसांनी, स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा देता येतं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो.

पावसाळ्यात डेंग्यूच्या पेशंटकडे आमच्या इस्पितळात निरोपांऐवजी किवी येतात. किवी, पपईच्या पानांचा रस, शेळीचं दूध. किवी खा, फळ चांगलं आहे, पण प्लेटलेट त्यामुळे चढल्या असं समजू नका. त्या बहुतेकांच्या आपोआपच चढतात. लक्ष ठेवायचं ते ताप उतरल्यावरच्या एक-दोन दिवसांवर. घरचे म्हणतात 'ताप गेला, सुटलो', आणि खरा धोका तेव्हाच असतो. पोटात सतत दुखणं, उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, यातलं काही दिसलं तर ताबडतोब दवाखाना.

(शेवंतीताई, उपचारांची चर्चा नको म्हणालात. थांबतो.)

शेवंती

नाही नाही, हे चालेल. रक्तपेढीचं तर मी ग्रुपवर टाकणार आहे.

परळकर

मी राहतो ते टाटा मेमोरियलपासून चालत दहा मिनिटांवर. १९४१ सालचं कॅन्सरचं इस्पितळ, अख्ख्या देशातून माणसं येतात. खोली परवडत नाही ते फुटपाथवर पथारी टाकतात. दादरची गाडगेबाबांच्या मिशनची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, अशा जागा आहेत, पण माणसांच्या मानाने त्या कधीच पुरत नाहीत.

तिथल्या टपरीवर चहा पिताना फोन कानावर पडतात. गावाकडून फोन येतो, स्पीकरवर टाकलेला असतो. पलीकडून पाच-सहा आवाज एकदम: कसा आहेस, जेवलास का, डॉक्टर काय म्हणाले. इकडचा माणूस म्हणतो, "बराय, बराय." त्याने सकाळपासून नुसता वडापाव खाल्लेला असतो आणि डॉक्टर काय म्हणाले ते इंग्रजीत असल्यामुळे त्याला अर्धंच कळलेलं असतं. परवा एका बीडच्या माणसाचा फोन वेगळा होता. पलीकडून कुणीतरी, बहुधा भाऊ, सांगत होता: "तुझ्या शेळीला दोन झाली. एक काळं, एक बांडं. दूध मी डेरीला घालतोय, पैसे वहिनीकडं देतोय. विहिरीची मोटर दुरुस्त झाली." तब्येतीचं काहीच विचारलं नाही. फोन ठेवल्यावर त्या माणसाने दुसरा चहा मागवला आणि मला विचारलं, "बांडं शेळकू जास्त दूध देतं म्हणतात, खरं का हो?"

मला शेळ्यांतलं काही कळत नाही, पण खडीसाखरताईंच्या चहाड्या आणि ही शेळी यांचं काम एकच वाटलं. पेशंटचं गाव, घर, ऑफिस त्याच्यावाचून अडलेलं नाही आणि त्याला विसरलेलंही नाही, हे दोन्ही एकदम कळतं.

सदाशिव_पेठी

सगळं वाचलं. जरा जास्तच होतंय. बिचाऱ्या इमोजीवाल्यांवर सगळे तुटून पडलेत. माझ्या वडलांच्या आजारपणात कोणी काय पाठवलं ते मला आठवत नाही, पण कोणी काहीच पाठवलं नाही ते नावांसकट आठवतं. शब्द सुचत नाहीत म्हणून गप्प बसण्यापेक्षा लुकलुकता गुलाब परवडला. या धाग्यातले नियम वाचून उद्या एखादा म्हणेल, नकोच, काहीतरी चुकायचं. आणि तो गप्पच बसेल.

सिस्टरताई

सदाशिव_पेठी, हेही खरं आहे. वॉर्डात कुणीच भेटायला न येणारे पेशंट असतात. भेटीच्या वेळेत ते भिंतीकडे तोंड करून झोपतात. अशाला शेजारच्या खाटेवरच्याचे पाहुणे 'कसं काय बाबा' म्हणाले तरी तो उठून बसतो.

शेवंती

मान्य. गुलाब चालेल, त्यावरचा प्लॉटिंगवाला नको. 😀 आणि त्या गुलाबाला सुनेने उत्तर द्यायलाच हवं ही अपेक्षा नको.

निनावी_आज

वेगळ्या आयडीने लिहिते. मी नैराश्यासाठी काही आठवडे दवाखान्यात होते. शुभेच्छा शून्य. शहाळंही नाही. ऑफिसात 'पोटाचं काहीतरी' असं सांगितलं होतं, त्यामुळे परत गेल्यावर सगळ्यांनी ताकाचे सल्ले दिले. खरं कारण माहीत असलेले दोघे-तिघे होते, त्यांना काय बोलावं कळत नव्हतं, म्हणून तेही ताकावरच बोलले. फक्त धाकट्या दिराने विचारलं, "वहिनी, गोळ्यांनी झोप फार येते का? मी सकाळी मुलांना बसवर सोडत जाऊ का?" पुढची शाळा संपेपर्यंत सोडत होता.

खडीसाखर

@निनावी_आज, लिहिलंत ते फार बरं केलंत. दिराला शंभर मार्क.

हिशेबनीस

दिरासारखंच एक उदाहरण. माझी अँजिओप्लास्टी झाली, डिस्चार्ज सकाळी नऊला सांगितला. विमा कॅशलेस. विमा नियामकाने २०२४ च्या परिपत्रकात डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायला सांगितली आहे, पण कागद पुढे सरकवायला कुणीतरी मागे लागावं लागतं. बायको माझ्याजवळ बसणार की टीपीएच्या (विम्याचे दावे बघणाऱ्या मधल्या कंपनीच्या) खिडकीवर? आमच्या मजल्यावरचे जोशी नावाचे निवृत्त बँकवाले फाईल घेऊन खिडकीसमोर खुर्ची टाकून बसले. दर पंधरा मिनिटांनी उठून फक्त एवढंच विचारायचे, "साहेब, क्वेरी आली का? आली असेल तर प्रत द्या." दुपारच्या जेवणाला मी घरी होतो. जाताना ते म्हणाले, "फार दिवसांनी काउंटरच्या या बाजूला बसलो, मजा आली."

'काही लागलं तर सांगा' हे वाक्य मी तेव्हापासून वापरत नाही. आजारी माणूस सांगत नसतो, त्याला संकोच वाटतो. 'मंगळवारी दुपारी मी मोकळा आहे, फाईल घेऊन बसू का?' हे विचारलं की फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं.

टर्नपाइक

न्यू जर्सीहून. इथे 'मील ट्रेन' नावाची सोय आहे: एक कॅलेंडर बनवायचं, ज्याला ज्या दिवशी डबा द्यायचा त्याने नाव लिहायचं. घरात माणसं किती, कुणाला कशाची ॲलर्जी, किती वाजता द्यायचं, हे वर लिहिलेलं असतं. दाराबाहेर बर्फ घातलेली पेटी ठेवायची, डबा त्यात टाकायचा आणि बेल न वाजवता निघून जायचं. हा बेल न वाजवण्याचा नियम मराठी काकवांना पाळता येत नाही, त्या पेटीत डबा ठेवून मग बेल वाजवून सांगतात की डबा ठेवलाय. पण निदान सहा घरांतून एकाच दिवशी साबुदाण्याची खिचडी येत नाही.

शेवंती

हे मला फार आवडलं. काल संध्याकाळी सुनेशी बोलले. आम्ही साधा तक्ता केलाय, सोमवार ते शनिवार, मुलाचा आणि काकांचा रात्रीचा डबा. शिवाय ग्रुपवर फक्त मी बातमी टाकायची, रविवारी एकदा, तिला विचारून. तक्ता लगेच भरला, गोमूत्रवाल्यांनी गुरुवार घेतलाय. काकूंसाठी मात्र काय द्यावं कळत नाही. त्यांना तोंडाला चव नाही, सगळं लोखंडासारखं लागतं म्हणतात.

सिस्टरताई

किमोत तसं होतं. स्टीलचा चमचा बाजूला ठेवा, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा द्या. गरमागरम वाफाळतं देऊ नका, त्याच्या वासानेच मळमळतं. कोमट किंवा गार पदार्थ जातात: गार दहीभात (दही ताजं, घरी लावलेलं), नाचणीची गोड खीर गार करून, मुगाचं कढण. तोंड आलं असेल तर लिंबू, चिंच, तिखट बंद. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळं नकोत. वरून कोथिंबीर भुरभुरायची सवय असेल तर तेवढे हात बांधून ठेवा. आणि थोडं थोडं द्या. ताट भरून समोर ठेवलं की बघूनच जीव घाबरतो.

आंबोळी

कढणात जिरं-तुपाची फोडणी चलात?

सिस्टरताई

चलात, पण फोडणी त्यांच्या खोलीपासून लांब करा. वास.

सोम_बुध_शुक्र

डब्यांवर विषय आलाच आहे तर आमच्या जमातीसाठी एक डबा लिहून ठेवतो, म्हणजे कुणाला द्यायचा झाला तर शहाळ्यावर जाणार नाही. बटाटा चालतो, पण सोलून, बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं आणि मग भाजी करायची. बरंचसं पोटॅशियम पाण्याबरोबर जातं. चवही जाते, पण बटाटा खाल्ला असं मनाला सांगता येतं. आमटी पातळ नको, पाण्याचा हिशेब असतो. फळांत सफरचंद, पेरू थोडा, अननस थोडा, तेही ज्याच्या-त्याच्या आहारतज्ज्ञाला विचारून.

मीठ कमी म्हणून प्रेमाने 'लो सोडियम' मीठ आणू नका. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

वऱ्हाडी_गडी

हे मले मालूमच नोतं! बुवाले बीपीसाठी तेच मीठ चालू हाय, अन् त्याचं क्रिएटिनिनबी (किडनीच्या तपासणीतलं) वाढलेलं सांगतलं हाय. आता पाकीट पाहतो.

स्टेथो

वऱ्हाडी_गडी, पाहा आणि डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. बीपीची गोळी कोणती चालू आहे तेही सांगा, काही गोळ्यांनी पोटॅशियम आणखी चढतं. तोपर्यंत साधं मीठ, चिमूटभर.

वऱ्हाडी_गडी

पाहालं. पोटॅशियम क्लोराइड लिहेलच हाय. आत्याले सांगून डब्बा बदलला, डॉक्टरची वेळ संध्याकाळची भेटली.